शाळा ट्रस्टची, पगार सरकारचा, मग प्रार्थना कोणाची?

वाशिष्ठीकाठ

मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायला बसलो कारण डोकं भणभणलंय.

आमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून पुढे जवळचं हायस्कूल एकच, एसटीने पाऊण तास, आणि ते एका धार्मिक ट्रस्टचं आहे. शाळा १०० टक्के अनुदानित, म्हणजे शिक्षकांचे पगार सरकारकडून. शाळा वाईट नाही हे आधीच सांगतो. निकाल चांगला, शिक्षक वेळेवर येतात, पावसात छप्पर गळत नाही (आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे).

मुलगी आठवीत. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा झाली की रोज वीसेक मिनिटं त्यांच्या धर्माची प्रार्थना. शनिवारी मूल्यशिक्षणाचा तास, त्यात मूल्यं कमी आणि प्रवचन जास्त. मुलगी एक दिवस म्हणाली मी वर्गात बसून गृहपाठ करते, तर बाई म्हणाल्या इथे सगळ्यांबरोबरच बसायचं, वेगळे लाड नाहीत. दुसरी गोष्ट, चुलतभावाच्या मुलाला तिथेच पाचवीला घालायचं होतं तर ऑफिसात सांगितलं की आधी आमच्या समाजाच्या मुलांची यादी लागेल, उरल्या जागा की मग तुमची.

माझं म्हणणं एवढंच की पगार माझ्या-तुमच्या करातून जातो ना, मग शाळेने 'आपली मुलं' आणि 'बाहेरची मुलं' असं करायचं का? नियम काय आहे नक्की? कोणाला अनुभव असेल तर लिहा.

धर्म कुठला ते मुद्दाम लिहीत नाही.

कोकम_सरबत

अहो धर्म सांगा की, त्याशिवाय आम्ही मत कसं ठरवायचं!

रोखठोक_रत्नांग्री

सांगायची गरजच नाही, कळलं सगळ्यांना. या देशात शाळा काढून आपलं राज्य चालवायची मुभा फक्त अल्पसंख्याकांना आहे. राज्यघटनेचं कलम ३० वाचा. अनुदान आमचं आणि हुकूम त्यांचा. आमच्या शाळेत नुसती सरस्वतीची तसबीर लावली तरी लगेच सेक्युलर लोक धावत येतात.

आंबोळी

आमी मालवणात कॉन्वेंटात शिकलेली माणसां. माका 'अवर फादर' अजून तोंडपाठ आसा आणि रामरक्षा पण. दोघांपैकी एकय देव माझ्यार रागावलो नाय. गणितात मात्र मी दोनदा नापास झालंय, थंय कोणीच मदतीक इलो नाय.

मस्करी सोडा. आमच्यावेळी कॅटेकिझमचा तास असायचा तेव्हा ख्रिश्चन मुली तिकडे आणि आम्ही 'मॉरल सायन्स'ला, असे दोन वर्ग व्हायचे. जबरदस्ती नव्हती. त्यामुळे धागाकर्त्यांच्या शाळेत जे चाललंय ते मला जरा जास्त वाटलं.

निवृत्त_मास्तर

चौतीस वर्षं अनुदानित शाळेत काढली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

धागाकर्त्यांचे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कलमांत आहेत. सगळे कलम ३० घेऊन भांडतात, पण मुलीच्या प्रार्थनेचा प्रश्न तिथे नाहीच. तो आहे कलम २८ च्या तिसऱ्या उपकलमात. ज्या शाळेला सरकारची मान्यता आहे किंवा सरकारी पैसा मिळतो, तिथे कुणालाही धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा प्रार्थना-पूजेला हजर राहायला लावता येत नाही, स्वतः संमती दिल्याशिवाय. मूल अठरा वर्षांखालचं असेल तर पालकाची संमती. नीट वाचा, 'किंवा' आहे. म्हणजे एक पैसा अनुदान नसलेली पण मान्यता असलेली शाळासुद्धा यात आली. आणि शाळा कोणाची आहे याचा उल्लेखही नाही. ख्रिश्चन असो, मुस्लिम असो, जैन असो की एखाद्या हिंदू मठाची असो.

म्हणून धागाकर्त्याने धर्म लिहिला नाही ते मला आवडलं. या प्रश्नाला धर्म लागतच नाही.

पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत (जि. प., नगरपालिका) तर धार्मिक शिक्षण द्यायलाच बंदी आहे, २८ चं पहिलं उपकलम. अनुदानित खाजगी शाळेत देता येतं, पण विचारून.

प्रवेशाचं नंतर लिहितो, हापूसवाला आलाय दारात.

कोकम_सरबत

मास्तरांनी ऐन रंगात आलेलं प्रकरण पेटीवर सोडलं. डझन काय भाव?

रोखठोक_रत्नांग्री

मास्तर, कागदावर सगळं छान असतं. चौतीस वर्षांत तुम्ही किती पालकांची लेखी संमती घेतलीत?

निवृत्त_मास्तर

एकाचीही नाही. खरं आहे. आमच्याकडे 'या कुंदेन्दु' व्हायची, पसायदान व्हायचं, कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. हे आज लिहिताना बोचतंय थोडं.

(डझन नव्हे, पेटीच घेतली. भाव विचारू नका, पेन्शनर आहे.)

सावित्रीखाडी

वाचत होतो, मास्तरांच्या या प्रामाणिकपणामुळे लिहावंसं वाटलं.

मी बाणकोटच्या बाजूचा, मुसलमान. पहिली ते चौथी जि. प. मराठी शाळेत. दसऱ्याला पाटीपूजन असायचं, पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. वर्गात सगळ्यात सुबक सरस्वती माझी यायची, गुरुजी बाकीच्यांना माझी पाटी दाखवायचे. अब्बांना माहीत होतं, ते काही बोलले नाहीत. अम्मी म्हणायची अक्षर चांगलं आहे पोराचं. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, पण विचारलं कुणी? तेही नाही. आणि ती तर शंभर टक्के सरकारी शाळा. म्हणजे मास्तरांच्या नियमाने तिथे ते व्हायलाच नको होतं.

आता दुसरी बाजू. आमच्या खाडीपट्ट्यात जमातीच्या सोसायटीचं हायस्कूल आहे, इमारत आखातातल्या कमाईतून उभी राहिली, पगार सरकार देतं. आज पटावर निम्म्याहून जास्त मुलं कुणबी आणि आगरी वाड्यांतली आहेत, कारण त्यांनाही दुसरी शाळा नाही. त्यांना दीनियातच्या (इस्लामी धर्मशिक्षणाच्या) तासाला बसवत नाहीत, त्या वेळात ती मैदानावर असतात. आमची पोरं खिडकीतून त्यांच्याकडे बघत बसतात! मला वाटतं धर्मशिक्षणाचं सगळ्यात जास्त नुकसान त्या खिडकीनेच केलंय.

पण शिक्षक भरताना 'आपल्यातलाच घ्या' असा दबाव असतो, खोटं कशाला बोलू. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं की सायन्सला चांगला माणूस मिळतोय, बाहेरचा आहे तर काय झालं, तर वर्षभर माझ्याशी दोन जण बोलत नव्हते.

वेंगुर्ल्याची_टीचर

@सावित्रीखाडी, खिडकी वाचून हसले. आमच्याकडे उलट आहे. अल्पसंख्याक संस्थेत शिकवते मी, स्वतः कॅथलिक, आणि आमची ख्रिश्चन मुलं प्रार्थनेला कंटाळतात तर हिंदू मुली हौसेने गायनाच्या ग्रुपमध्ये. नाताळच्या कॅरोलला पेटीवर गावच्या भजनी मंडळातल्या बुवांचा मुलगा असतो आणि तो 'सायलेंट नाइट' भैरवीसारखी वाजवतो.

भरतीबद्दल थोडं. बाहेर गैरसमज असतो की आम्हाला काही नियमच नाहीत. पात्रता सरकारने ठरवलेलीच लागते, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते, शालार्थ आयडी (सरकारच्या ऑनलाईन पगार प्रणालीतला नंबर) मिळेपर्यंत पगार नाही, संच मान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा) पट कमी झाला तर आम्हीही अतिरिक्त. फरक आहे तो निवडीत. आरक्षणाची बिंदुनामावली आम्हाला लागू नाही आणि कुणाला घ्यायचं ते संस्था ठरवते. यावर टीका होते ती काही अगदीच चुकीची नाही. पैसा सगळ्यांचा आणि नोकरी ठरावीकांना, हे मला स्वतःलाही उत्तर देताना अवघड जातं, माझी नोकरी त्यातूनच आलेली असली तरी.

आणि आता टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरली आहे त्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. माझी अकरा उरलीयत! अल्पसंख्याक शाळांचा भाग मोठ्या पीठाकडे पाठवलाय म्हणून आम्ही सध्या ना इकडे ना तिकडे. मुलगा म्हणतो आई मी तुझा पेपर तपासतो.

रोखठोक_रत्नांग्री

बघा, यांच्याच तोंडून आलं. बिंदुनामावली नाही, आणि आरटीईचे (शिक्षण हक्क कायद्याचे) २५ टक्के पण नाहीत. आमच्या संस्थेची विनाअनुदानित इंग्लिश मिडियम शाळा आहे, तिने गरिबांना २५ टक्के जागा द्यायच्या आणि सरकार त्याची फी थकवणार. शेजारच्या अल्पसंख्याक शाळेला यातलं काहीच नाही. याला समानता म्हणायची?

निवृत्त_मास्तर

@रोखठोक, या एका मुद्द्यावर तुमच्या तक्रारीत तथ्य आहे आणि ते सुप्रीम कोर्टातही मान्य होऊ घातलंय. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळा, अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही, आरटीईतून बाहेर काढल्या. टीचरबाईंनी ज्या निकालाचा उल्लेख केला त्याच निकालात दोन न्यायमूर्तींनी या सरसकट सवलतीबद्दल शंका घेतली आणि तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवायला सांगितला. योगायोग म्हणजे ते प्रकरणच मुळात महाराष्ट्रातलं, इथलीच एक अल्पसंख्याक ट्रस्ट विरुद्ध राज्य सरकार.

पण तुमच्या संस्थेबद्दल एक आठवण करून देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के लागू नाहीत. तेव्हा तुमच्यासारख्या संस्थांनी पेढे वाटले असतील. जुलैत हायकोर्टाने तो बदल रद्द केला. म्हणजे सवलत मिळाली की कुणालाच नको नसते.

आता राहिलेला प्रवेशाचा प्रश्न. कलम २९ चं दुसरं उपकलम म्हणतं, सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ३० म्हणतं अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. आता आपल्या समाजाला आधी घेतलं तर दुसऱ्याला नाकारल्यासारखंच झालं. या दोघांचा मेळ घालता घालता कोर्टाची पन्नास वर्षं गेली. १९९२ मध्ये दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सांगितलं की अनुदानित अल्पसंख्याक संस्थेने आपल्या समाजाला प्राधान्य द्यावं, पण ५० टक्क्यांच्या वर नाही. २००२ ला टीएमए पै खटल्यात अकरा न्यायमूर्ती बसले आणि म्हणाले ५० चा ठोकळा नको, टक्का त्या त्या भागाची गरज बघून सरकारने ठरवावा, पण अनुदान घेतलं की बाहेरच्यांनाही वाजवी प्रमाणात जागा द्याव्याच लागतील.

त्यामुळे धागाकर्ते, 'आधी आमची यादी' हे अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेत एका मर्यादेपर्यंत चालतं. 'उरल्या तर तुमची' हे चालत नाही. आणि अल्पसंख्याक दर्जाच नसेल तर अशी यादी लावणंच चूक. त्यामुळे या दुसऱ्या प्रश्नाला मात्र शाळा कोणाची ते लागतं.

कोकम_सरबत

हुश्श. म्हणजे अर्धा धर्म तरी सांगा!

वाशिष्ठीकाठ

नाही सांगणार. दर्ज्याचा कागद शाळेत मागून बघतो.

चाकरमानी_दादर

अवांतर आहे पण लिहितोच. २०२५ ला अकरावीचे प्रवेश पहिल्यांदा अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाईन झाले. भाची गुहागरची, कॉलेज घरापासून चालत दहा मिनिटं, तिला फॉर्म भरायला मी दादरहून फोनवर सांगतोय आणि साईट बंद. त्याच वेळी अल्पसंख्याक कॉलेजात एससी, एसटी, ओबीसी आरक्षण लावायचा जीआर आला आणि हायकोर्टाने जूनमध्ये त्याला स्थगिती दिली. मेव्हणा म्हणाला आपल्या तालुक्यात अल्पसंख्याक कॉलेज किती, मी म्हटलं आधी रेंज किती ते सांगा.

दापोली_कॅम्प

हा सगळा वाद लोक १९५० नंतरचा समजतात म्हणून लिहितो. सरकारी पैसा आणि शाळेचं दार, हे भांडण आपल्या मुंबई इलाख्यात पावणेदोनशे वर्षं जुनं आहे.

१८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. सरकारचं आधीचं उत्तर असं की एका मुलासाठी शाळा ओस पडेल. बरीच पत्रापत्री झाली, पार विलायतेपर्यंत, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की ज्या शाळा पूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सगळ्या प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील. आणि ज्या शाळांना अर्धवट मदत मिळते, त्यांनी जात किंवा वंशावरून कुणाला शिक्षण नाकारलं तर मदत काढून घ्यायचा पूर्ण हक्क सरकारने राखून ठेवला. डॉ. आंबेडकरांनी १९२८ ला सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हा इतिहास मांडलाय.

म्हणजे धागाकर्ते जे विचारतायत ते १८५८ ला लिहून झालंय. मग झालं काय? हक्क राखून ठेवला, वापरला कुठे? माझ्याच दापोलीत महार पेन्शनर सैनिकांना १८९० च्या दशकात मुलांच्या शाळाप्रवेशासाठी अर्ज करावे लागले. आणि ज्या शाळांत घेतलं तिथेही पोरं बसायची कुठे, तर ओटीवर. वर्गाबाहेर. फळा दिसला तर दिसला. हजेरीपटावर नाव चढलं की सरकार खूश, अनुदान चालू.

माझ्या आजोबांच्या वडिलांची शाळा ओटीवरच झाली असं घरात सांगतात. पावसाळ्यात ओटीवर झड येते, मग सुट्टी. कोकणातला पावसाळा चार महिन्यांचा, म्हणजे शिक्षण किती झालं असेल हिशोब करा.

म्हणून मला कलम कुठलं आणि टक्का किती यापेक्षा एकच विचारायचंय. त्या मुलीला प्रार्थनेतून सूट मिळाली तर त्या वेळात ती बसणार कुठे? वर्गात बाकावर, की ऑफिसबाहेर शिक्षा झाल्यासारखी?

सावित्रीखाडी

दंडवत. मैदान आणि ओटी यात फरक आहे हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

रोखठोक_रत्नांग्री

ओटीचा इतिहास काढलात तर हेही लिहा की रत्नागिरीत स्थानबद्ध असताना सावरकरांनी शाळांमध्ये सगळ्या मुलांना सरमिसळ बसवायची मोहीम केली. १९३१ चं पतितपावन मंदिर सगळ्यांना माहीत असतं, शाळांचं कुणी बोलत नाही.

दापोली_कॅम्प

लिहा ना, मी कुठे नाही म्हटलं. पण १८५८ ला सरकारने खुल्या केलेल्या शाळांमध्ये ७० वर्षांनी मोहीम करावी लागली यातच सगळं आलं. तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने आहे.

कोकम_सरबत

रोखठोक आणि कॅम्प एकमेकांशी सहमत झाले! स्क्रीनशॉट काढा कोणीतरी. शेंगदाणे घेऊन बसलेलो, वाया गेले.

रोखठोक_रत्नांग्री

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

व्यवस्थापक

वैयक्तिक टिप्पणी टाळा. सावरकर आणि आंबेडकर यांच्यावर स्वतंत्र धागे आहेत, तिकडे जा. इथे शाळेबद्दल.

सातासमुद्रापार

मूळ देवरुखचा, सध्या अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये. शेजारी मेन राज्य आहे, तिथलं प्रकरण या धाग्यावर चपखल बसतं म्हणून टाकतो.

मेनमध्ये आपल्यासारख्याच विखुरलेल्या वाड्या, बऱ्याच गावांना स्वतःचं हायस्कूलच नाही. मग गाव पालकांना सांगतं की मुलाला दुसऱ्या शाळेत घाला, फी सरकार देईल. फक्त १९८१ पासून अट घातली होती की शाळा धार्मिक नको. पालक कोर्टात गेले. जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ असा निकाल दिला की खाजगी शाळेला पैसे देत असाल तर केवळ ती धार्मिक आहे म्हणून वगळता येणार नाही.

आता गंमत पुढे. मेनने आधीच कायद्यात दुरुस्ती करून ठेवली होती की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने धर्म, लैंगिक कल वगैरे कारणांवरून भेदभाव करायचा नाही. काही धार्मिक शाळा म्हणाल्या हे आमच्या श्रद्धेत बसत नाही, मग खटला जिंकूनही पैसे घेणार कसे. पुन्हा कोर्ट. म्हणजे दार उघडलं पण उंबरठ्यावर नियमावली ठेवली.

भारतात १९५० पासून हे उलट बाजूने सोडवलंय असं मला वाटतं. कलम ३० मध्येच लिहिलंय की अनुदान देताना शाळा अल्पसंख्याकांची आहे म्हणून भेद करायचा नाही, आणि २८, २९ मध्ये घेणाऱ्यावर अटी. इकडच्या मित्रांना सांगितलं की आमच्याकडे पाद्र्याच्या शाळेत शिक्षकाचा पगार सरकार देतं, तर त्यांना आधी खरंच वाटत नाही.

आंबोळी

म्हणजे अमेरिकेतय एसटी चुकली की दुसरी शाळा नाय. बरा वाटला ऐकान.

हर्णै_बंदर

मला एक कळत नाही. एवढं सगळं कशाला? अनुदान बंद करा सगळ्या धार्मिक संस्थांचं. ज्यांना धर्म शिकवायचाय त्यांनी देणगीवर शिकवावा. सरकारने आपल्या शाळा नीट चालवाव्यात. विषय संपला.

निवृत्त_मास्तर

@हर्णै_बंदर, विषय तिथेच सुरू होतो. धागाकर्त्याच्या गावात आठवीची सरकारी शाळा आहे कुठे? कोकणात हायस्कुलं काढली कोणी? मिशनने काढली, जमातींनी काढली, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी गिरणीच्या पगारातून वर्गणी काढून काढली, ज्ञाती संस्थांनी काढली. सरकारने नंतर येऊन पगार उचलले. अनुदान बंद केलंत तर संस्था फी लावेल किंवा कुलूप लावेल, आणि सरकार पटसंख्येचं कारण सांगून नवीन शाळा देणार नाही. मुलगी घरी बसेल, भात लावायला.

आणि एक जुनी गोष्ट. १९५४ मध्ये देवळालीच्या बार्न्स शाळेचा खटला झाला. अँग्लो-इंडियन मुलांसाठीची अनुदानित शाळा, बाकीच्या मुलांनाही घ्यायला तयार. मुंबई सरकारने आदेश काढला की इंग्रजी माध्यमात दुसऱ्यांना घ्यायचं नाही. सुप्रीम कोर्टाने कलम २९(२) दाखवून आदेश रद्द केला. तिथे शाळा दार उघडत होती आणि सरकार लावत होतं. त्यामुळे कायम सरकार उदार आणि संस्था संकुचित असंही समजू नका.

हर्णै_बंदर

ग्रामस्थ मंडळाचा मुद्दा मान्य. आमच्या शाळेच्या भिंतीवर अजून देणगीदारांची पाटी आहे, पाच रुपयेवाल्याचंही नाव आहे. पण म्हणून वीस मिनिटं प्रार्थना?

वेंगुर्ल्याची_टीचर

शिक्षकांचंही ऐका. नाशिककडच्या एका शाळेत एक शिक्षक प्रार्थनेला हात जोडत नव्हते म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती. २०१३ ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की हात जोडायची सक्ती करता येत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा झाली तेव्हा एक सहकारी म्हणाल्या हात जोडायचं सोडा, आधी प्रार्थनेला वेळेवर पोचण्याची सक्ती करा.

@दापोली_कॅम्प, तुमचा प्रश्न मी उद्या मुख्याध्यापकांना विचारणार आहे. आमच्याकडे सूट आहे पण मूल बसतं ते ग्रंथालयात, आणि ग्रंथालयाला कुलूप असतं.

चाकरमानी_दादर

ग्रंथालयाला कुलूप हा सर्वधर्मसमभाव आहे.

वाशिष्ठीकाठ

मंडळी, पंधरा दिवसांनी येतोय, शिमग्याची पालखी आणि घरची माणसं यात वेळ गेला.

झालं ते असं. मास्तरांनी लिहिलेलं कलम २८(३) कागदावर लिहून घेऊन गेलो. भांडायला नव्हे, साधा अर्ज केला की माझी मुलगी प्रार्थनेला आणि शनिवारच्या तासाला बसणार नाही, माझी संमती नाही, आणि त्या वेळात तिला वर्गात बाकावर बसू द्यावं. (शेवटची ओळ कॅम्प यांच्यामुळे.) मुख्याध्यापिका चांगल्या निघाल्या. आधी कपाळाला आठ्या, मग कपाटातून एक फाईल काढली, धूळ झटकली, तर आत संमतीपत्राचा छापील नमुना! कुठल्या तरी तपासणीच्या वेळी करून ठेवलेला. कधी कुणाला दिलाच नव्हता. म्हणाल्या तुमच्या एकट्याच्या मुलीला दिला तर चर्चा होईल, आठवीच्या अख्ख्या वर्गाला वाटते.

वाटले. एक्केचाळीस मुलांतून चार घरांनी नाही लिहून दिलं. त्यातलं एक घर त्यांच्याच समाजाचं! कारण विचारलं तर त्या बाई म्हणाल्या पोराचं इंग्रजी कच्चं आहे, त्या वेळात पाढे आणि स्पेलिंग करू दे.

दर्ज्याचं प्रमाणपत्र विचारलं, ते दाखवलं. तुमचे तर्क चालू ठेवा, मी अजूनही सांगत नाही. पुतण्याची यादी पुढच्या महिन्यात लागणार आहे, जागा किती आणि बाहेरच्यांना किती ते लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही. ते आलं की लिहितो.

आता जे सांगायला थोडी लाज वाटतेय ते. निघताना मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुम्ही तुमच्या वाडीतल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहात ना? मी म्हटलं हो, तिसरं वर्ष. म्हणाल्या तिथे पाटीपूजनाला आणि शाळेच्या सत्यनारायणाला किती पालकांची संमती घेतलीत? आमच्या वाडीत दोन घरं बौद्धांची आणि एक मुसलमानाचं आहे. सत्यनारायणाच्या वर्गणीच्या यादीत तिघांचीही नावं आहेत, यादी मीच केली होती.

एसटीत बसून सावित्रीखाडींची पाटी आठवत होतो.

सावित्रीखाडी

वर्गणी किती घेतलीत ते सांगा, प्रसादाचा शिरा मिळाला असेल तर माफ.

दापोली_कॅम्प

त्या दोन घरांना विचारा. पण उत्तर चारचौघांत मागू नका, घरी जाऊन विचारा. समितीच्या बैठकीत हात वर करायला लावलात तर सगळे हो म्हणतील.

रोखठोक_रत्नांग्री

सत्यनारायण गावाची परंपरा आहे, त्याची आणि याची तुलना होत नाही.

आंबोळी

त्यांची पण परंपराच आसा रे बाबा.

वाशिष्ठीकाठ

एका घरी जाऊन आलो काल. त्या वहिनी म्हणाल्या, पूजेचं काही नाही हो भाऊ, आम्ही बसतो बाजूला, पण त्या दिवशी आमच्या पोराला पाणी भरायच्या कामाला लावत नाहीत आणि इतर दिवशी लावतात, ते का ते विचारा की गुरुजींना.

मला यावर काय लिहावं सुचत नाहीये. सोमवारी गुरुजींना भेटतो.

निवृत्त_मास्तर

भेटा. आणि एकटे जाऊ नका, समितीतल्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या.

वेंगुर्ल्याची_टीचर

धागाकर्ते, त्या संमतीपत्राचा फोटो टाकाल का, शाळेचं नाव झाकून? जूनच्या आधी आमच्याकडे छापून घेते.

कोकम_सरबत

नाव झाका, पण वरचं चिन्ह झाकायला विसरा.